दोन पाटण, एक गच्ची: नेपाळला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं. लेकीला नोकरी लागली तीही पाटणातच, पण नेपाळच्या. काठमांडूला लागून, बागमतीच्या दक्षिणेला असलेल्या या शहराचं सरकारी नाव ललितपूर. २०२२ च्या घटस्थापनेला मी तिच्याकडे गेले आणि पुढच्या वर्षीची भाऊबीज करूनच परतले. तेरा-चौदा महिन्यांत सगळे ऋतू एका गच्चीवरून पाहून झाले.

परत आल्यापासून दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो. "मुक्तिनाथला निघालोय, काय काय न्यायचं?" सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

पहिली गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. नेपाळ आपल्याला परदेश वाटत नाही. पाट्या देवनागरीत, देव आपलेच, व्हिसा नाही, घरोघरी डाळ-भात. म्हणून माणसं शेजारच्या जिल्ह्यात निघाल्यासारखी निघतात आणि तिथंच चुकतात. जे आपल्यासारखं दिसतं तेच नीट बघून घ्या. फरक तिथं असतो.

नकाशा आडवा नाही, उभा वाचा

तीस वर्षं भूगोल शिकवला, तरी हा देश मला नकाशावरून पूर्ण कळला नव्हता. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरासरी दोनशे किलोमीटरसुद्धा रुंदी नाही. पण तेवढ्यात जमीन समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवरून ८,८४८.८६ मीटरवर चढते. शेवटचा आकडा सगरमाथ्याचा, म्हणजे एव्हरेस्टचा. नेपाळ आणि चीनने मिळून तो डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. आठ हजार मीटरपेक्षा उंच अशी जगात चौदा शिखरं आहेत, त्यांतली आठ इथं किंवा इथल्या सीमेवर.

तिथली माणसं देशाचे तीन पट्टे सांगतात: तराई, पहाड आणि हिमाल. तराई म्हणजे दक्षिणेचा सपाट प्रदेश. जमिनीचा जेमतेम सहावा हिस्सा, पण २०२१ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून जास्त लोक तिथं राहतात. आपल्या डोळ्यांसमोर नेपाळ म्हटलं की बर्फ येतो. तराईत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आंबे पिकतात, आणि जानेवारीत धुकं असं बसतं की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. 'नेपाळमध्ये थंडी असेल ना?' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कुठल्या उंचीवर आणि कुठल्या महिन्यात, हे आधी ठरवायचं.

'पहाड' हा शब्दही नीट ऐका. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तेवढ्या उंचीला तिथं कुणी शिखर म्हणत नाही, ते 'डाँडा'. त्याहून वर जाणारी उंच धार म्हणजे 'लेक'. बारमाही बर्फ असेल तरच 'हिमाल'. काठमांडूच्या दक्षिणेला जी रांग आहे तिचं नावच महाभारत लेक.

पाऊस समजायचा तर आपला सातारा जिल्हा डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पडतो आणि त्याच जिल्ह्यातलं दहिवडी पाण्यासाठी आभाळाकडे बघत असतं. पोखऱ्याजवळचं लुम्ले म्हणजे नेपाळचं महाबळेश्वर. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. आणि अन्नपूर्णा-धौलागिरीच्या पाठीमागचं मुस्तांग म्हणजे माणदेश. तिथं तीनशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही. फळ्यावर पर्जन्यछायेची आकृती मी किती वेळा काढली असेल! मुस्तांगातल्या जोमसोमला जाताना तीच आकृती गाडीच्या खिडकीतून दिसली. सकाळी हिरवी गर्द झाडी, दुपारी कोरडे पिवळे डोंगर, आणि घरांची छपरं उतरती नव्हे, तर सपाट मातीची. पाऊसच नाही, तर उतार कशाला हवा?

कधी जायचं

माझं मत विचाराल तर कार्तिकात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत. पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि पाटणच्या गच्चीवरून उत्तरेला हिमालाची पांढरी ओळ दिसते. दुसरा चांगला काळ मार्च-एप्रिल. तेव्हा २,००० ते ३,००० मीटरच्या जंगलांत लालीगुराँस फुलतो, झाडंच्या झाडं लाल. पण त्याच काळात शेतं आणि रानं जळत असतात. धुरकट हवेत डोंगर दिसत नाहीत, आणि काठमांडूत माझा खोकला तीन आठवडे हटला नव्हता. दमा असेल तर त्या दिवसांत शहरात मुक्काम लांबवू नका.

पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि सप्टेंबरअखेर जातो. पावसात नेपाळ सुंदर असतं, पण डोंगरी रस्त्यांवर 'पहिरो' येतो. पहिरो म्हणजे दरड. काठमांडू ते पोखरा अंतर दोनशे किलोमीटर आणि वेळ सात-आठ तास, तोही चांगल्या दिवसांत. पावसाळ्यात ज्या दिवशी पोचायचं त्याच दिवसाचं पुढचं तिकीट काढू नका. एक दिवस मोकळा ठेवा.

डिसेंबर-जानेवारीची थंडी आपल्याला वाटते तशी नसते. काठमांडू १,४०० मीटरवर. दुपारी ऊन छान, अठरा-एकोणीस अंश. रात्री दोन-तीन. त्रास होतो तो घरात, कारण घरं गरम करायची सोय बहुतेक ठिकाणी नसतेच. पौष महिन्यात सकाळी दहाला घरापेक्षा बाहेर जास्त ऊब असते. म्हणून अख्खी आळी गच्चीवर. गच्चीला ते 'कौसी' म्हणतात आणि उन्हाला बसणं म्हणजे 'घाम ताप्नु'. तिकडे 'घाम' म्हणजे ऊन. आमच्या घरबेटी आमा, म्हणजे घरमालकीणबाई, संत्री सोलून त्यांवर मीठ-मिरची टाकायच्या आणि माझ्या हातात ठेवायच्या. पाठ उन्हाला, समोर मुळ्याच्या फोडी वाळत घातलेल्या, आणि कुणी घाईत नाही. पौषात गेलात तर सकाळी नऊ ते अकरा कुठंही धावू नका. एखाद्या कौसीवर बसा.

कपड्यांचं एवढंच सांगते: एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. एकाच दिवसात तीन हवामानं लागतात.

कागद, पैसे, घड्याळ

भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. विमानाने जाताना 'आधार आहे की' म्हणून गेलेली मंडळी विमानतळावरून परत आलेली मी पाहिली आहेत. शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानदार भारतीय पैशाला 'आईसी' आणि नेपाळीला 'एनसी' म्हणतात. भाव विचारताना आईसी की एनसी, हे आधी विचारून घ्या. शंभरच्या नोटा जवळ ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारा. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण डोंगरात नेटवर्क नसेल तिथं रोख रक्कमच लागते.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मी असताना आठवड्याची सुट्टी शनिवारी आणि रविवारी कामकाज असे. कॅलेंडर विक्रम संवताचं, तेही नुसतं पूजेपुरतं नव्हे, तर बसच्या तिकिटावर, बँकेत, शाळेच्या दाखल्यावर. मी असताना २०८० साल लागलं. महिन्यांची नावं आपलीच, पण महिना संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंत चालतो. त्यांचा 'साउन' जुलैच्या मध्यालाच सुरू होतो, आपला श्रावण अमावास्येची वाट बघतो. तिकिटावर 'साउन ५' दिसलं तर आपल्या पंचांगात बघू नका, तिथल्याच माणसाला विचारा.

बोलायचं कसं

देवनागरी वाचता येते म्हणून नेपाळी येते असं नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. काही शब्द मी वहीत लिहून ठेवले होते. त्यांतले खरोखर अडवणारे एवढेच:

'तिमी' ऐकू येतं आपल्या 'तुम्ही'सारखं, पण ते लहानांना आणि जवळच्यांना म्हणायचं. अनोळखी माणसाला, मग तो रिक्षावाला असो की अधिकारी, 'तपाईं' म्हणा. कुणी हाक मारली तर 'हजुर' म्हणा, आणि नीट ऐकू आलं नाही तरी 'हजुर?' एवढा एक शब्द मी दिवसातून पन्नासदा वापरत असे.

'बहिनी' म्हणजे वहिनी नव्हे, धाकटी बहीण. वहिनी ती 'भाउजू'. दुकानातल्या मोठ्या बाईला 'दिदी', मोठ्या पुरुषाला 'दाइ', लहानाला 'भाइ'. आपण गाडीवाल्याला 'काका' म्हणतो तसंच. नातं लावल्याशिवाय तिथं बोलणं सुरूच होत नाही.

'मिठो' म्हणजे गोड नव्हे, चवदार. गोड ते 'गुलियो'. चहा 'मिठो छ' म्हणालात तर कुणी साखर कमी करणार नाही.

आणि 'फुल' म्हणजे अंडं. मी देवपूजेसाठी कोपऱ्यावरच्या पसलात, म्हणजे दुकानात, फुलं मागितली आणि त्या बहिनीने दोन अंडी कागदात बांधून दिली. फुलालाही 'फूल'च म्हणतात, उच्चारात फरक कळत नाही. काय हवं ते कुठल्या दुकानात मागताय त्यावर ठरतं. शाकाहारी मंडळींनी हा शब्द पाठच करावा.

पैसे किंवा वस्तू देताना उजवा हात पुढे करतात आणि डावा हात उजव्या कोपराला लावतात. भाजीवालीसुद्धा सुटे पैसे असेच देते. आपणही तसं केलं की समोरचा चेहरा लगेच निवळतो.

ताटावर

जेवण दोन वेळा. सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी सात-आठला. मधल्या वेळी 'खाजा', म्हणजे चिउरा (पोहे), चाउमिन, मोमो असलं काही. दुपारी एकला भूक लागली म्हणून डाळ-भात शोधलात तर हायवेवर मिळेल, घरी मिळणार नाही. ओळखीचं माणूस 'नमस्ते'च्या पाठोपाठ विचारतं, "खाना खानुभयो?" जेवण झालं का? हे आमंत्रण नव्हे, विचारपूस आहे. "खाएँ" म्हणायचं आणि पुढे बोलायचं.

थाळीत डाळ, भात, तरकारी, साग आणि अचार. अचार म्हणजे आपलं बरणीतलं लोणचं नव्हे. बहुतेकदा ती ताजी चटणी असते, टोमॅटोची नाहीतर मुळ्याची. तिच्यात 'टिमुर' असतं. पहिल्या घासाला जीभ बधिर झाली आणि मला एकदम कोकणातल्या नणंदेचं घर आठवलं. अहो, हे तर तिरफळ! दोन्ही एकाच कुळातली झाडं. कोकणातलं मासळीत पडतं, डोंगरातलं चटणीत. थकाली लोकांच्या खानावळीत डाळीला 'जिम्बु'ची फोडणी देतात. ही हिमालयात होणारी, वाळवलेली कांद्याच्या जातीची पात. तुपात पडली की वास घरभर. थकाली हे काली गंडकीच्या खोऱ्यातले जुने व्यापारी. रस्त्यात कुठं जेवायचं हा प्रश्न पडला तर 'थकाली' पाटी शोधा.

वाढणारी माणसं भात घेऊन फिरत असतात. नको असेल तर हात आडवा धरून 'पुग्यो' म्हणा, म्हणजे पुरे. एकदा म्हणून भागत नाही, तीनदा म्हणावं लागतं.

गुन्द्रुक चाखल्याशिवाय येऊ नका. मोहरी-मुळ्याचा पाला आंबवून वाळवलेला असतो. आंबट, मातकट, पहिल्यांदा विचित्र लागतो आणि चौथ्यांदा त्याची आठवण यायला लागते. ढिंडो म्हणजे कोदो, मका किंवा फापर (कुट्टू) यांच्या पिठाची घट्ट उकड. कोदो म्हणजे आपली नाचणी. भक्तपूरला गेलात तर मातीच्या कुंड्यातलं जुजु धौ खा. 'दह्यांचा राजा' असा त्या नावाचा अर्थ आहे आणि तो खोटा नाही.

आता नियम. उष्ट्याला तिथं 'जुठो' म्हणतात आणि ते पाळतात. दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नका, आपल्या ताटातलं देऊ नका, बाटली ओठाला न लावता वरून प्या. घरात बोलावलं तरी स्वयंपाकघरात आपणहून जाऊ नका. मी कामाला हात लावावा म्हणून उठले, तेव्हा लेकीने हळूच मला खाली बसवलं. पुढे चार महिन्यांनी आमांनी स्वतः आत बोलावलं, तेव्हा मला खरा मान मिळाल्यासारखं वाटलं.

मोमोत 'बफ' असतं, म्हणजे म्हशीचं मांस. खात नसाल तर 'भेज' मागा आणि वाफवायचं भांडं वेगळं आहे का तेही विचारा. गाय मात्र राष्ट्रीय प्राणी, गोहत्येला कायद्याने बंदी.

मुक्तिनाथला जाताना

हा भाग वयस्कर यात्रेकरूंसाठी आहे. कृपा करून घाईत वाचू नका.

पोखरा साधारण ८०० मीटरवर. मुस्तांगातलं मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या पुढे. आता रस्ता झाला आहे, जीप एका दिवसात वर नेते. आपल्या शरीराला मात्र ते एका दिवसात जमत नाही. वर हवा विरळ, प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. तिकडे याला 'लेक लाग्नु' म्हणतात, उंच धारेचा त्रास. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, झोप नाही, चालताना तोल जातो.

आमच्या ओळखीच्या एक मावशी, वय बहात्तर, एका यात्रा कंपनीबरोबर आल्या होत्या. कंपनीने दोन रात्री वाचवल्या. पोखऱ्याहून पहाटे निघून त्याच दिवशी दर्शन, आणि मुक्काम वरच. रात्री मावशींना उलट्या सुरू झाल्या. बरोबरचे म्हणाले प्रवासाने झालं असेल, सकाळपर्यंत बघू. सुदैवाने लॉजच्या दिदीने त्यांचा चेहरा पाहिला आणि रात्रीच गाडी काढायला लावली. हजार मीटर खाली आल्यावर दोन तासांत त्या उठून बसल्या. खाली उतरणं हेच खरं औषध, आणि सकाळची वाट बघायची नसते.

म्हणून: पोखऱ्यानंतर एक रात्र मार्फा, जोमसोम किंवा कागबेनीत काढा. ही गावं २,७०० ते २,८०० मीटरच्या आसपास आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जा, दर्शन घ्या आणि त्याच दिवशी खाली झोपायला या. पाणी भरपूर प्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. रक्तदाब, हृदय, मधुमेह असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगा, नुसतं 'नेपाळला जातोय' म्हणू नका. लसणाचं सूप सगळीकडे मिळतं. प्या, पण त्यावर विसंबू नका. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढून घ्या, फोटो जवळ असू द्या.

जोमसोमची विमानं सकाळीच का उडतात, हेही सांगते. ऊन चढलं की वरचं मुस्तांगचं पठार तापतं, तिथली हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा काली गंडकीच्या अरुंद दरीतून वर खेचली जाते. अकरा वाजल्यानंतर त्या वाऱ्यात उभं राहणंही कठीण. दर्शन, चालणं, नदीकाठी शाळिग्राम बघणं, सगळं सकाळी उरका.

शाळिग्राम हातात घेतलात की त्यावरचं चक्र निरखून बघा. तो सागरी जिवाचा, अमोनाइटचा, जीवाश्म आहे. हिमालय उठण्याआधी इथं टेथिस समुद्र होता. माझ्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम सासूबाईंकडून आला. त्याच्याकडे मी आता देव आणि जीवाश्म अशा दोन्ही भावांनी बघते आणि दोन्ही खरे आहेत.

मुक्तिनाथला १०८ धारा आहेत, पाणी बर्फासारखं. स्नान केलंच पाहिजे असं नाही, डोक्यावर पाणी शिंपडलंत तरी चालतं. तिथं बौद्ध भिक्षुणी दिसतील, त्यांच्यासाठीही हे तीर्थच आहे. वाटेत 'ॐ मणि पद्मे हुँ' कोरलेल्या दगडांच्या भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. खेचरांची रांग आली तर डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

माणसं

२०२१ च्या जनगणनेत १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या. नेपाळी ही मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी. 'नेपाळी माणूस कसा असतो' असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाटणात माझ्या भोवती नेवार होते, त्यांची भाषा वेगळी, लिपीसुद्धा वेगळी होती. म्हाताऱ्या नेवार बाया काळी, लाल काठाची साडी नेसतात, हाकु पटासि. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला आजीची चंद्रकळाच आठवली.

शेर्पा हा हुद्दा नाही, लोक आहेत. ओझं वाहणाऱ्या प्रत्येकाला शेर्पा म्हणू नका, तो राई असेल, तामाङ असेल, मगर असेल. शेर्पांमध्ये जन्मवारावरून नाव ठेवायची पद्धत आहे. सोमवारचा दावा, शुक्रवारचा पासांग, रविवारचा निमा. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली नेपाळी स्त्री पासांग ल्हामू शेर्पा, २२ एप्रिल १९९३. उतरताना त्या गेल्या.

आणि एक विनंती. आपल्याकडे सोसायटीच्या राखणदाराला सरसकट 'गुरखा' किंवा 'बहादूर' म्हणतात. गोरखा हा तिथला एक जिल्हा आहे. तिथल्याच राजाने, पृथ्वीनारायण शहाने, अठराव्या शतकात हा देश एकत्र केला. तिथं जाऊन कुणाला 'ए बहादूर' म्हणालात तर मला फार वाईट वाटेल. 'दाइ' म्हणा. इथं परत आल्यावर आपल्या राखणदारालाही त्याचं नाव विचारा.

डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांतला तरुण दिसला तर त्याच्याकडे टक लावून बघू नका. आई किंवा वडील गेल्यावर मुलगा वर्षभर पांढरं पाळतो. पशुपतिनाथला बागमतीकाठी चिता जळत असतात, तिथं फोटो काढू नका. मुख्य मंदिरात चामड्याची वस्तू नेता येत नाही. तिथले मुख्य पुजारी भट्ट, ते परंपरेने दक्षिण भारतातून, कर्नाटकातून येतात.

सणांत जाणार असाल तर दसैंमध्ये, म्हणजे त्यांच्या दसऱ्यात, काठमांडू रिकामं होतं, सगळे गावी. बसची तिकिटं आधीच संपतात, दुकानं बंद. बकरे कापले जातात, मन तयार ठेवा. आपण घटाभोवती धान पेरतो, ते जव पेरतात. त्या पिवळ्या कोंबांना 'जमरा' म्हणतात. आपल्या गावी दसऱ्याला धान टोपीत खोवतात, तिथं जमरा कानामागे. घरबेटी आमांनी माझ्या कपाळावर तांदूळ, दही आणि शेंदराचा मोठा टीका लावला आणि कानामागे जमरा खोवला, तेव्हा मला वडिलांची टोपी दिसली.

पाटणात वैशाख-जेठात असाल तर रातो मच्छिंद्रनाथाची जत्रा चुकवू नका. नवनाथांमधले आपले मच्छिंद्रनाथ, ज्ञानदेवांच्या गुरुपरंपरेचं मूळ. तिथली गोष्ट अशी की गोरखनाथ नागांवर आसन मांडून बसले आणि बारा वर्षं पाऊस थांबला. गुरू आले तर शिष्याला उठावंच लागेल, म्हणून मच्छिंद्रनाथांना कामरूपाहून आणलं. गोरखनाथ वंदनाला उठले, नाग सुटले, पाऊस आला. तेव्हापासून पावसाच्या तोंडावर हा रथ ओढतात. बौद्ध नेवार त्याच मूर्तीला करुणामय लोकेश्वर म्हणतात. रथाची चाकं माणसाएवढी, त्यावर वेताने बांधलेला साठेक फुटी उंच मनोरा, आणि तो विजेच्या तारांना चुकवत गल्लीतून डुलत येतो. पुढे उभा माणूस ओरडतो "होस्टे!", दोर धरलेले शेकडो म्हणतात "हैंसे!" रथ झुकला की गर्दी क्षणभर श्वास रोखते. बघायला उभं राहायचं तर रथाच्या बाजूला नको, चौकातल्या एखाद्या वरच्या मजल्यावरून बघा.

जमीन हलली तर

मी सात वर्षांची असताना, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. आईने मला गोधडीसकट उचलून अंगणात नेलं होतं. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास पाटणात पलंग हलला आणि मला कळायच्या आत मी दारात उभी होते. केंद्र दूर पश्चिमेला जाजरकोटला होतं, तिथं दीडशेवर माणसं गेली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात जवळजवळ नऊ हजार. तो शनिवार होता, शाळा बंद होत्या, हे तिथली प्रत्येक शिक्षिका सांगते.

घाबरवायला हे लिहीत नाही. हॉटेलात सामान ठेवलं की जिना कुठं आहे आणि मोकळं चौर, म्हणजे मैदान, कुठं आहे ते बघून या. उशाशी बॅटरी आणि चपला असू द्या. जुन्या विटांच्या अरुंद गल्लीत मुक्काम असेल तर हे दोनदा करा.

निघायच्या दिवशी नेवार घरात 'सगुन' देतात. उकडलेलं अंडं, सुका मासा आणि थोडी घरची दारू. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. आपण हातावर दही ठेवतो, तसंच. कुणी पुढे केलं तर 'नको' म्हणून मागे सरू नका. मी खात नाही हे आमांना ठाऊक होतं. त्यांनी टीका लावला, हातावर दही ठेवलं, आणि अंड्याच्या जागी एक मोठं सयपत्री, आपला झेंडू, ठेवून म्हणाल्या, "तपाईंको फूल."

टॅक्सी खाली उभी होती. ते फूल मी विमानात हातातच धरून आणलं.